तैलचित्राला घाई मानवत नाही

बृहन्महाराष्ट्रातील आमच्या मंडळांतून अलीकडे एक नवी रूढी पडत चालली आहे. गणेशोत्सव असो, वर्धापनदिन असो, की मुलांच्या सुट्टीतील शिबिर असो, कार्यक्रमपत्रिकेत ‘दोन तासांत तैलचित्र’ अशा मथळ्याचा एखादा वर्ग हटकून आढळतो. सायंकाळी पाच वाजता कोरा कॅनव्हास हाती घेतलेला गृहस्थ सात वाजता फळांची परडी आणि सुरई रंगवून, ते चित्र काखेत मारून उपाहाराच्या टेबलाकडे वळतो. आता जे चित्र दोन तासांत काखेत मारण्याइतके वाळते ते तैलचित्र नव्हे, हे तेलाचा स्वभाव ज्याला ठाऊक आहे त्याला सांगावे लागू नये. त्या रंगात जवसाच्या तेलाचा थेंबही नसतो. तो पाण्यात कालवावयाचा ॲक्रिलिक रंग असतो. परंतु मथळ्यात ‘तैल’ हा शब्द हवा, कारण त्या शब्दाला प्रतिष्ठा आहे. आणि ती प्रतिष्ठा ज्या सबुरीने मिळविली गेली ती सबुरी मात्र नको. आमचे भांडण नेमके येथे आहे.

हौसेशी आमचे वैर नाही. दिवसभर फायलींशी झुंजलेल्या मनुष्याने संध्याकाळी रंगांत रमावे, यात आनंदच आहे. एका बैठकीत संपणाऱ्या चित्रणालाही आम्ही कमी लेखीत नाही. एदुआर माने याने १८८० साली ॲस्परागसच्या कोंबांची एक जुडी ओल्या रंगात ओला रंग मिसळून रंगविली. ठरलेल्या आठशे फ्रँकांऐवजी ग्राहकाने हजार पाठविले, तेव्हा मानेने एकाच कोंबाचे आणखी एक चिमुकले चित्र त्याच्याकडे धाडून दिले. ती त्वरा उभ्या आयुष्याच्या तयारीतून आलेली होती. आमचा आक्षेप आहे तो त्वरेच्या तत्त्वज्ञानावर. पुटावर पुट चढवून महिनोन्‌महिने चित्र घडविण्याची जुनी रीत ही रिकामटेकड्यांची हट्टी सवय होती, आधुनिक मनुष्याला तिची गरज नाही, आणि त्यातही भांडीकुंडी व फळे यांच्या चित्रासाठी एवढा खटाटोप करणे हास्यास्पद आहे, असे जे आता उघडपणे बोलले जाते, ते आम्हांस सर्वथा अमान्य आहे.

वाद घालण्यापूर्वी ही रीत आहे तरी काय, ते पाहू. समजा, एक तांब्याचा तांब्या, अर्धे कापलेले लिंबू आणि पांढऱ्या पंचाची घडी, एवढ्याच तीन वस्तूंचे चित्र करावयाचे आहे. प्रथम ताणलेल्या कापडाला अथवा लाकडी फळीला सरसाचा हात द्यावा लागतो. हा हात दिला नाही तर तेल थेट कापडाच्या तंतूंत जाऊन काही वर्षांत ते कुजविते. त्यावर फिकट रंगाचे अस्तर चढते. अस्तर वाळल्यावर रेखाटन, आणि रेखाटनावर कच्च्या अंबरचा एक पातळ, टर्पेंटाईनने सैल केलेला हात. यामुळे डोळ्याला पांढऱ्याचा झगझगाट न राहता एक मध्यम छटा मिळते. तिच्यापेक्षा उजळ काय आणि गडद काय हे तेथून पुढे ठरविता येते.

नंतर येतो या रीतीचा कणा, म्हणजे करड्या रंगातले आधारचित्र. डच चित्रकार याला आपल्या भाषेत ‘मृतरंग’ अशा अर्थाचे नाव देत. या टप्प्यात तांब्या तांबडा नसतो आणि लिंबू पिवळे नसते. सर्व काही राखेसारखे. येथे फक्त एवढेच पाहावयाचे की प्रकाश कोठून येतो, तांब्याच्या गळ्यापाशी सावली कशी वळते, पंचाच्या घडीतला सर्वांत काळोखा भाग तांब्याच्या सर्वांत काळोख्या भागाहून किती फिका आहे. रंगाच्या मोहातून डोळा मोकळा झाला म्हणजे आकार दिसू लागतो. ज्याने हे आधारचित्र नीट केले त्याचे निम्मे काम झाले. ज्याने ते टाळले त्याला पुढे कितीही सुंदर तांबडा रंग तारू शकत नाही.

मग थांबावयाचे. किती? रंगावर, हवेवर आणि थराच्या जाडीवर ते अवलंबून आहे. काही दिवस, कधी काही आठवडे. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि त्याचे कण एकमेकांत गुंतून एक चिवट पापुद्रा तयार होतो. अंबरसारखे मँगनीज असलेले रंग लवकर वाळतात. हाडांच्या कोळशाचा काळा आणि मंजिष्ठेचा तांबडा अगदी सावकाश. म्हणून खालच्या थरात तेल कमी व वरच्या थरात अधिक, हा नियम. खालचा थर मागाहून आणि वरचा आधी वाळला तर वरच्या थराला भेगा पडणारच. तेथे कोणाच्या प्रतिभेची मात्रा चालत नाही.

आधारचित्र वाळले की वस्तूंचे स्थूल रंग येतात, आणि ते वाळले की पारदर्शक पुटे. तांब्यावर तांबूस, पारदर्शक रंग भरपूर तेलात पातळ करून इतका विरळ पसरावयाचा की खालचा उजेड दिसत राहावा. प्रकाश या पुटातून आत जातो, खालच्या उजळ थरावर आदळतो आणि पुन्हा त्याच पुटातून रंग घेऊन बाहेर येतो. रंगीत काचेतून दिवा पाहावा तसा हा रंग आतून उजळतो. नळीतून काढून थापलेला तांबडा असा उजळणे शक्य नाही. याच्या उलट, पंचाच्या सावलीवर पांढऱ्याचा अर्धपारदर्शक, कोरडा हात ओढला की खालच्या गडद थरामुळे तो निळसर, थंड भासतो. निळा रंग मुळी वापरलेलाच नसतो. सर्वांत शेवटी तांब्याच्या खांद्यावरची चमक आणि लिंबाच्या फोडीतला ओलेपणा, हे जाड पांढऱ्याचे दोन-चार ठिपके. वॉर्निश सहा महिने ते वर्ष झाल्यावर.

ही रीत गुप्तविद्या नाही, हेही आम्ही आग्रहाने सांगतो. कारण तिचे काही भोळे भक्त तिला गुप्तविद्या करून तिचे नुकसानच करतात. अठराव्या शतकात सर जोशुआ रेनॉल्ड्स याला जुन्या व्हेनिसच्या चित्रकारांचे ‘रहस्य’ हवे होते. त्याने मेण, राळ, डांबरी तपकिरी रंग असे नाना पदार्थ आपल्या रंगांत कालविले. परिणाम असा झाला की त्याच्या हयातीतच त्याच्या चित्रांना भेगा पडू लागल्या आणि त्याने रंगविलेल्या मुखांवरची लाली उडून गेली. नियम सोडून किमया शोधणाऱ्याची ती गत. नियम साधे आहेत आणि ते पाळण्यास फक्त धीर लागतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, वस्तुचित्र हा चित्रकलेतील कनिष्ठ प्रकार आहे. आपल्याकडे हा समज शाळेत दृढ होतो. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना बसलेला प्रत्येक मराठी मुलगा बादली, मडके आणि दोन वांगी यांच्यापुढे घाम गाळून बसलेला असतो. परीक्षा संपते, बादली सुटते, आणि जन्मभर मनात राहते ते एवढेच की वस्तुचित्र म्हणजे गुणांसाठी करावयाचा एक पेपर. पण हा समज आमच्या शाळांनी निर्माण केलेला नाही. तो फ्रान्सच्या राजेशाही अकादमीचा वारसा आहे. १६६७ साली फेलिबियां याने चित्रप्रकारांची उतरंड मांडली. तिच्यात इतिहास व धर्म यांवरील चित्रे माथ्यावर, आणि निर्जीव वस्तूंची चित्रे पायाशी. गंमत अशी की, त्याच अकादमीने १७२८ साली शार्दँ नावाच्या चित्रकाराला प्रवेश दिला तो एका सोललेल्या माशाच्या आणि एका खाद्यपदार्थांनी भरलेल्या मेजाच्या चित्रांवरून. १७६३ च्या प्रदर्शनात त्याची ऑलिव्हची बरणी आणि फळे पाहून दिदरो चकित झाला. रंगाचे थर एकावर एक दिलेले आहेत आणि त्यांचा परिणाम जणू खालून वर झिरपत येतो आहे, अशा आशयाचे त्याने लिहिले. उतरंड रचणाऱ्यांची नावे आज अभ्यासकांपुरती उरली. शार्दँची बरणी लूव्रमध्ये लोक आजही थांबून पाहतात.

वस्तू क्षुद्र असते म्हणून चित्र क्षुद्र ठरत नाही. ॲमस्टरडॅमच्या राईक्स संग्रहालयात विलेम क्लास हेडा याचे १६३५ सालचे एक चित्र आहे. त्यात एक सोनेरी पेला, कथलाच्या ताटल्या, काच, अर्धवट सोललेले लिंबू. आणि सारे चित्र जवळजवळ राखाडी-हिरवट अशा एकाच रंगकुळातले. काच, कथील आणि सोने या तीन पदार्थांवरचा प्रकाश तीन निरनिराळ्या रीतींनी कसा वागतो, एवढाच त्या चित्राचा विषय. ज्याला तो विषय लहान वाटतो त्याने एकदा आपल्या घरातील स्टीलचा पेला आणि पितळेची वाटी शेजारी ठेवून, दोहोंमधील फरक रंगाचे नाव न घेता सांगून पाहावा.

दुसरा आक्षेप अधिक आवेशाने केला जातो : ही रीत परकी आहे, साहेबाने आणलेली आहे. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ सालची, राजा रविवर्म्यास तिरुवनंतपुरमच्या दरबारी आलेल्या थिओडोर जेन्सनचे काम नुसते पाहून तैलरंग शिकावे लागले, तेव्हा हे सारे उसनवारीचे, असा तो युक्तिवाद. तैलचित्रणाचा शोध यान व्हान आयक याने लावला, असे वासारीने १५५० साली लिहून ठेवले आणि शतकानुशतके ते खरे मानले गेले. वस्तुतः बाराव्या शतकातील थिऑफिलस नावाच्या संन्याशाच्या ग्रंथात तेलात रंग घोटण्याची कृती आहे. आणि २००८ साली संशोधकांनी बामियानच्या गुहांतील भित्तिचित्रांचे नमुने तपासले, तेव्हा सातव्या शतकाच्या मध्यानंतरच्या काही बौद्ध चित्रांत वाळणारे तेल सापडले, आणि तेही थरावर थर या पद्धतीने! ज्या बामियानच्या बुद्धमूर्ती २००१ साली उद्ध्वस्त करण्यात आल्या, त्यांच्याच परिसरातील या गुहा. तेव्हा तेलावर युरोपची मक्तेदारी होती, हे विधान यापुढे कोणी करू नये.

थरांचे तर विचारूच नका. अजिंठ्याची भिंत म्हणजे काय? आधी जाड मातीचा लेप, त्यावर बारीक लेप, त्यावर पांढरा हात, मग गेरूची रेषा, मग रंग. आपल्या लघुचित्रांतही एक हात देऊन, कागद उलटा करून मागून गुळगुळीत दगडाने घोटून, पुन्हा दुसरा हात देत. ‘पुट’ हा शब्द आपल्या वैद्यांचा आणि रंगाऱ्यांचा जुना शब्द आहे; तो आम्ही इंग्रजीवरून बनविलेला नाही. आणि युरोपच्या चित्रकारांची रंगपेटी तरी कोठून भरत होती? लाजवर्दाचा निळा बदख्शानच्या खाणींतून. पिवडी आमच्या मुंगेरजवळच्या मिर्झापूर गावातून. तेथे आंब्याची पाने खाऊ घातलेल्या गाईंच्या मूत्रापासून ती होत असे, हा वृत्तांत त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी १८८३ साली लिहून पाठविला. त्यावर पुढे पुष्कळांनी अविश्वास दाखविला, परंतु २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या रासायनिक तपासणीने त्या वृत्तांताला पुष्टीच दिली. ही पिवडी पारदर्शक पुटांसाठी नावाजलेली होती. इतकेच काय, पीटर क्लास याच्या १६२७ सालच्या मेजवानीच्या चित्रात पंचांगाच्या फाडलेल्या पानाची एक पुडी आहे आणि तिच्यात मिरी आहे. मिरी पूर्वेकडची, पुडी बांधण्याची रीत आपल्या वाण्याच्या दुकानातलीच म्हणावी अशी. ज्या मेजावर पूर्वेची मिरी, चिनी मातीची भांडी आणि इराणी गालिचे होते, त्या चित्रप्रकाराला आपण परका म्हणून दूर लोटावे, हा कोठला न्याय?

आणि जे तैलरंग आपल्याकडे आले ते काही साहेबाचेच होऊन राहिले नाहीत. गोव्यातील साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सूझा जे. जे. मधून १९४५ साली काढून टाकला गेला. अकादमीविरुद्ध त्याच्याइतके बंड थोड्यांनी केले असेल. परंतु चर्चमधील पूजापात्रांची वस्तुचित्रे त्यानेही तैलरंगात केली. बंड करणाऱ्यालादेखील मेजावरची भांडी सुटली नाहीत, हे आमच्या प्रतिपक्षाने ध्यानात घ्यावे.

तिसरा आक्षेप छायाचित्राचा. खिशातल्या दूरध्वनीने जे क्षणात टिपता येते ते चार महिने कशाला रंगवावे? याला उत्तर सोपे आहे. यंत्र एका क्षणाचा प्रकाश टिपते. पुटांनी घडविलेल्या चित्रात चाळीस दिवसांचे पाहणे साठलेले असते. लिंबू चौथ्या दिवशी सुकते, दुसरे आणावे लागते. सेझानची फळे तर रंगविता रंगविता कुजून जात. या अवधीत चित्रकार जे पाहतो ते कोणत्याही एका लिंबाचे नसते. शिवाय छायाचित्रातील सावली बहुधा काळी पडते. डोळ्याला तीच सावली तांब्याच्या परावर्तित प्रकाशाने तांबूस झालेली दिसते. ज्याला यंत्राने टिपलेल्याचीच नक्कल करावयाची आहे त्याने पुटांच्या वाटेला जाऊ नये, हे आम्हीही म्हणतो.

चौथा आक्षेप आमच्या वाचकांचा स्वतःचा आहे, म्हणून त्यास आम्ही सर्वांत अधिक महत्त्व देतो. ‘आम्ही बदलीवाले लोक. आज पाटण्यास, तर परवा गुवाहाटीस. सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत कार्यालय. आम्हांला कोठला एवढा वेळ?’ थिऑफिलसनेही नऊशे वर्षांपूर्वी हीच कुरकुर केली होती : एक हात वाळेपर्यंत दुसरा देता येत नाही, हे काम फार लांबते आणि कंटाळवाणे होते. परंतु जरा हिशेब करा. तीन वस्तूंच्या मध्यम आकाराच्या चित्राला प्रत्यक्ष हाताने काम करावयाचे तास पंचवीस-तीसहून अधिक लागू नयेत. हे तास चार-पाच महिन्यांत पसरलेले असतात, कारण मधला सारा काळ चित्र आपले आपण वाळत असते आणि चित्रकार आपल्या कार्यालयात बसलेला असतो. एका बैठकीच्या चित्राला सलग सहा तास, स्थिर प्रकाश आणि न वाजणारा दूरध्वनी लागतो. ही चैन कोणत्या अधिकाऱ्याला आहे? पुटांच्या चित्राला रविवारचा दीड तास पुरतो. वेळ थोडा आणि मुदत मोठी, ही ज्याची स्थिती, त्याच्यासाठीच जणू ही रीत निर्माण झाली आहे. तेव्हा ज्या कारणाने आमचे बांधव ती टाकतात, त्याच कारणाने त्यांनी ती धरावयास हवी.

वाट पाहण्याचाही उपयोग असतो. टिशियन आपली चित्रे भिंतीकडे तोंड करून महिनोन्‌महिने ठेवून देई, आणि मग ती काढून एखाद्या वैऱ्याकडे पाहावे तशा कठोर नजरेने त्यांतील दोष शोधी, असे व्हेनिसच्या बोस्किनीने १६७४ साली नोंदवून ठेवले आहे. दौऱ्यावरून पंधरा दिवसांनी परतलेल्या अधिकाऱ्याला हे आयतेच साधते. ज्या वळणावर आपण खूश होतो ते वाकडे होते, हे परत आल्यावर पहिल्या दृष्टिक्षेपात कळते.

अडचणी आहेत, त्या आम्ही लपवीत नाही. दिल्ली-जयपूरच्या उन्हाळ्यातील धूळ ओल्या रंगावर बसते; तेथे चित्र पेटीत किंवा कपाटाच्या वरच्या खणात आडोशाला वाळवावे. आसाम-बंगालच्या ओल्या हवेत वाळण्यास अधिक दिवस लागतात आणि कापड सैल पडते. तेथे फळी बरी. बदलीच्या वेळी न वाळलेले चित्र गुंडाळू नये. सामानाच्या पेटीत काही महिने अंधारात राहिलेले चित्र पिवळट दिसू लागले तर घाबरू नये. उजेडात काही दिवस ठेवले म्हणजे तो पिवळेपणा बराचसा जातो. शिशाचा सफेदा विषारी आहे, त्याऐवजी टायटॅनियमचा पांढरा वापरावा. आणि तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून मगच टाकाव्यात. अडचणी आहेत त्या एवढ्याच.

येथवरचा वाद हौशी चित्रकारांशी झाला. परंतु आमचे अनेक वाचक हे केवळ हौशी नाहीत. सार्वजनिक पैशाने चित्रे घेण्याचा आणि जुनी चित्रे सांभाळण्याचा अधिकार त्यांच्या हाती आहे. तेथे ही घाई निव्वळ अभिरुचीचा प्रश्न राहत नाही. विश्रामगृहाच्या सजावटीसाठी एका कार्यालयाने काढलेले मागणीपत्र मध्यंतरी आमच्या पाहण्यात आले. तैलचित्रे, फळे-फुले-भांडी या विषयांची, नग बारा, दोन फूट गुणिले तीन फूट, पुरवठ्याची मुदत एकवीस दिवस. सर्वांत कमी दर भरणाऱ्यास काम. ज्याला हे काम येते असा गावातील प्रामाणिक चित्रकार या मागणीपत्राकडे पाहून काय करील? तो मुदत वाढवून मागेल. मुदत वाढणार नाही. काम त्यालाच मिळेल जो छापील कापडावर वॉर्निशचे फराटे ओढून त्याला तैलचित्र म्हणेल, किंवा ओल्या थरावर ओला थर थापून एकविसाव्या दिवशी वॉर्निश फासून आणून देईल. दोन-तीन पावसाळ्यांत त्याला भेगा पडतील आणि मग ‘तैलचित्रे टिकत नाहीत’ असा शेरा फायलीवर येईल. नियम पाळले गेले, पैसा खर्च झाला, लेखापरीक्षणात काही निघाले नाही. फक्त चित्रकार उपाशी राहिला आणि भिंतीला खोटे चित्र मिळाले. धन्य त्या काटकसरीची!

जुन्या चित्रांची अवस्था याहून शोचनीय. देशभरच्या जुन्या कचेऱ्या, न्यायालये, संस्थानी वाडे आणि महाविद्यालये यांतून अद्याप जुनी तैलचित्रे टांगलेली आहेत. कोणी मोठा पाहुणा येणार म्हटले की चुना-रंग काढणाऱ्या गवंड्याकडेच त्यांची सफाई सोपविली जाते. कोणी साबणाच्या पाण्याने पुसतो, कोणी बटाट्याची फोड फिरवितो, कोणी खोबरेल चोळतो, कोणी लाकडी सामानाचे पॉलिश फासतो. वर सांगितलेली रीत ज्याने ध्यानात घेतली त्याला यातील अनर्थ कळेल. सर्वांत वर असतात ती सर्वांत पातळ, सर्वांत नाजूक पारदर्शक पुटे. ज्यांत चित्रकाराने गालाची ऊब आणि शालीच्या जरीची खोली ठेवली ती हीच. जोराने घासले की पहिली जातात तीही हीच. खाली उरते ते निस्तेज आधारचित्र. आणि साहेबांना वाटते, चित्र कसे स्वच्छ झाले! जे एकदा पुसले गेले ते पुन्हा येत नाही. लखनौ येथे सांस्कृतिक संपदेच्या जतनासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा १९७६ पासून आहे. तिला एक पत्र लिहिण्यास किती वेळ लागतो?

म्हणून आमची मागणी केवळ भावनेची नाही, ती चार कलमांची आहे. एक, मंडळांनी दोन तासांचे वर्ग खुशाल चालवावे, परंतु त्यांना तैलचित्राचे नाव देऊ नये. आणि वार्षिक प्रदर्शनात एक बक्षीस अशा चित्रासाठी ठेवावे की जे आदल्या वर्षीच्या प्रदर्शनानंतर सुरू होऊन या वर्षी पुरे झाले असेल. दोन, ज्यांच्या सहीने चित्रे खरेदी होतात त्यांनी तैलचित्रासाठी निदान सहा महिन्यांची मुदत द्यावी, नगांची संख्या कमी करावी आणि वॉर्निश वर्षानंतर देण्याची अट घालावी. या अटीने छापील कापडवाले आपोआप गळतील. तीन, आपल्या ताब्यातील जुन्या तैलचित्राला तज्ज्ञाच्या लेखी सल्ल्यावाचून कोणी ओले फडके लावू नये, असा आदेश प्रत्येक कार्यालयप्रमुखाने आजच काढावा. त्यास खर्च शून्य आहे. आणि चार, जेथे जेथे मराठी मुले चित्रकलेच्या परीक्षांना बसतात तेथे शिक्षकांनी त्यांना वर्षातून एकदा तरी एकच वस्तू आठ आठवडे पाहावयास लावावी. बादली तीच राहू दे. परीक्षेची घाई काढून घ्या, म्हणजे तिच्यात काय काय आहे ते मुलांना दिसेल.

कोणी म्हणेल, देशापुढे एवढे मोठे प्रश्न असता तांब्या-लिंबासाठी हा आवेश कशाला? ज्यांच्या मेजावर रोज शंभर कागद येतात आणि प्रत्येक कागद लवकरात लवकर दुसऱ्याच्या मेजावर ढकलणे हेच ज्यांचे कौशल्य ठरते, त्यांच्यासाठीच हा आवेश आहे. एखादी वस्तू निकालात न काढता तिच्यापुढे बसता येते, ही गोष्ट ज्यांना विसरावी लागते त्यांना ती आठवून देणारे फार थोडे उद्योग उरले आहेत. त्यांतील एक दोन तासांच्या वर्गात बुडवून टाकण्याचा अधिकार आमच्या मंडळांना कोणी दिला, याचे उत्तर त्यांच्या चिटणीसांनी द्यावे. या पत्रिकेची पाने त्यासाठी मोकळी आहेत.